अवघड प्लास्टिक कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण

धुणे, बारीक करणे आणि वितळवून पुन्हा दाणे पाडणे या रूढ यांत्रिक पद्धतीने ज्या प्लास्टिक कचऱ्याचा पुन्हा उपयोग करता येत नाही, किंवा करणे परवडत नाही, त्यापासून पुन्हा उपयुक्त पदार्थ मिळवण्याच्या प्रक्रियांना अवघड प्लास्टिक कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण म्हणतात. वेफर्स व बिस्किटांची चकचकीत वेष्टने, शांपूच्या पुड्या, पातळ व मळलेल्या पिशव्या, थर्माकोल, पीव्हीसीच्या वस्तू, रंगीत किंवा काळ्या थाळ्या, गाद्यांतील फोम, मासेमारीची जुनी जाळी आणि पवनचक्क्यांची पाती ही अशा कचऱ्याची ठळक उदाहरणे होत. त्यासाठी विद्रावकाधारित शुद्धीकरण, रासायनिक विघटन, एन्झाइमांच्या साहाय्याने केलेले विघटन, औष्णिक अपघटन (पायरोलिसिस) आणि वायूकरण ही तंत्रे विकसित झाली आहेत. यांपैकी कोणतेही एक तंत्र सर्व प्रकारच्या प्लास्टिकला लागू पडत नाही. प्लास्टिकपासून पुन्हा प्लास्टिक तयार होते की केवळ इंधन, यावर त्या प्रक्रियेला पुनर्चक्रीकरण म्हणावे की नाही हे ठरते आणि या विषयातील मुख्य वादही याच मुद्द्यावर आहे.

पार्श्वभूमी

प्लास्टिकचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गेयर, जॅमबेक व लॉ यांच्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले होते. त्यातून निर्माण झालेल्या सुमारे ६३० कोटी टन कचऱ्यापैकी केवळ ९ टक्के कचऱ्याचे पुनर्चक्रीकरण झाले, १२ टक्के जाळला गेला आणि उरलेला ७९ टक्के कचराभूमीत किंवा निसर्गात साचला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०२२ च्या अहवालातही पुनर्चक्रीकरणाचे जागतिक प्रमाण सुमारे ९ टक्केच आढळले.

हे ९ टक्के प्रामुख्याने सोप्या प्लास्टिकचे आहेत. पाण्याच्या बाटल्या, तेलाचे डबे, बादल्या, दुधाच्या पिशव्या यांना भंगाराच्या बाजारात भाव मिळतो, म्हणून त्या वेचल्या जातात. वेफर्सच्या पाकिटाला वजन नाही आणि घेणाराही नाही, म्हणून ते कचरावेचकांच्या पोत्यात न जाता उकिरड्यावर, गटारात किंवा नदीत राहते. ‘अवघड’ हे विशेषण त्यामुळे केवळ रसायनशास्त्रातील अडचण दाखवत नाही. गोळा करणे, निवडणे, वाहून नेणे आणि विकणे यांतील अडचणीही त्यात येतात.

प्लास्टिकचे प्रकार व सांकेतिक क्रमांक

प्लास्टिकच्या वस्तूंवर बाणांच्या त्रिकोणात छापलेले क्रमांक अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये सुरू केले. हा क्रमांक ती वस्तू कोणत्या पदार्थाची आहे एवढेच सांगतो. तिचे पुनर्चक्रीकरण होईलच, अशी हमी तो देत नाही.

१ – पीईटी : पाणी व शीतपेयांच्या बाटल्या, पॉलिएस्टरचे धागे
२ – अधिक घनतेचे पॉलिएथिलीन : डबे, शांपूच्या बाटल्या
३ – पीव्हीसी : नळ, वायरींचे आवरण, रेक्झिन
४ – कमी घनतेचे पॉलिएथिलीन : पिशव्या, वेष्टने
५ – पॉलिप्रॉपिलीन : खाद्यपदार्थांचे डबे, झाकणे, विणलेली पोती
६ – पॉलिस्टायरीन : थर्माकोल, वापरून फेकण्याचे पेले
७ – इतर : बहुस्तरीय वेष्टने, नायलॉन, पॉलिकार्बोनेट इत्यादी

१, २ व ५ या क्रमांकांच्या टणक वस्तूंचे यांत्रिक पुनर्चक्रीकरण सर्वांत रुळलेले आहे. ३, ६ व ७ या क्रमांकांचे प्लास्टिक आणि ४ व ५ यांतील पातळ वेष्टने ही सामान्यतः अवघड गटात धरली जातात.

अवघडपणाची कारणे

बहुस्तरीय रचना : खाद्यपदार्थांच्या पाकिटात बाहेरचा छापील थर पॉलिप्रॉपिलीन किंवा पीईटीचा असतो, आतला चिकटून बंद होणारा थर पॉलिएथिलीनचा असतो आणि मध्ये ॲल्युमिनियमचा लेप असतो. हा लेप केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. हवा, दमटपणा व प्रकाश अडवण्याचे काम हे थर मिळून उत्तम करतात. मात्र ते एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की यंत्राने वेगळे करता येत नाहीत.

मिश्रण : बहुतेक प्लास्टिक वितळल्यावरही एकमेकांत मिसळत नाहीत. तेल व पाण्याप्रमाणे त्यांचे वेगळे कण राहतात आणि तयार झालेली वस्तू ठिसूळ होते. पीईटी साधारण २५० अंश सेल्सियसला वितळते, तर पीव्हीसी त्याआधीच विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सोडते. त्यामुळे बाटल्यांच्या ढिगात थोडेसे पीव्हीसी शिरले तरी पूर्ण घाण बिघडू शकतो.

पूरक द्रव्ये : रंग, शाई, मऊपणा आणणारी द्रव्ये, ज्वालारोधके व स्थिरके प्लास्टिकमध्ये मिसळलेली असतात. वितळवल्याने ती निघून जात नाहीत. म्हणूनच अनेक रंगांच्या प्लास्टिकपासून काळे किंवा करडे प्लास्टिक तयार होते.

साखळ्यांची झीज : प्लास्टिक हे बहुवारिक असते. एकवारिक नावाचे लहान रेणू मण्यांसारखे ओवले जाऊन त्याच्या लांब साखळ्या बनतात. प्रत्येक वेळी वितळवताना या साखळ्यांपैकी काही तुटतात व पदार्थाची ताकद घटते. बाटलीपासून दोरी, दोरीपासून चटई असा दर्जा उतरत जातो.

आडबंध : बेकेलाइट, इपॉक्सी, गाद्यांचा पॉलियुरेथेन फोम यांसारख्या ऊष्मादृढ प्लास्टिकमध्ये साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी जोडलेल्या असतात. असे प्लास्टिक तापवल्यास वितळत नाही, करपते.

निवडीची नवी तंत्रे

कोणत्याही प्रक्रियेची पहिली पायरी निवड ही असते. पाण्याच्या हौदात पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात, तर पीईटी व पीव्हीसी बुडतात. ही घनतेवर आधारलेली साधी रीत आजही वापरात आहे. आधुनिक केंद्रांत पट्ट्यावरून वाहणाऱ्या कचऱ्यावर अवरक्त किरण टाकून परावर्तित प्रकाशावरून पदार्थ ओळखला जातो आणि हवेच्या झोताने तो वेगळा उडवला जातो. काजळीने रंगवलेले काळे प्लास्टिक हे किरण शोषून घेते, म्हणून यंत्राला ते दिसत नाही. याच कारणाने काळ्या थाळ्या अवघड ठरल्या.

यावर उपाय म्हणून वेष्टनावर डोळ्यांना न दिसणारी अंकीय जलचिन्हे छापण्याचा प्रयोग युरोपात ‘होली ग्रेल २.०’ या प्रकल्पाखाली झाला. कॅमेऱ्याने हे चिन्ह वाचले की वेष्टन कोणत्या पदार्थाचे आहे आणि त्यात खाद्यपदार्थ होता की अन्य काही, हेही कळू शकते. संगणकीय प्रतिमा-ओळख व यांत्रिक हात यांचा वापरही वाढत आहे. भारतात मात्र निवडीचे बहुतांश काम माणसांच्या डोळ्यांनी व हातांनीच होते.

विद्रावकाधारित शुद्धीकरण

या पद्धतीत बहुवारिकाची साखळी तोडली जात नाही. योग्य विद्रावकात हवे ते प्लास्टिक विरघळवतात, रंग, मळ व इतर थर गाळून काढतात आणि नंतर प्लास्टिक पुन्हा घन स्वरूपात मिळवतात. विद्रावक परत वापरला जातो. साखळी शाबूत राहत असल्याने ऊर्जा तुलनेने कमी लागते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘स्ट्रॅप’ ही पद्धत मांडली. तीत बहुस्तरीय वेष्टन एकामागून एक वेगवेगळ्या विद्रावकांत घालून प्रत्येक थर स्वतंत्रपणे मिळवला जातो. कोणता विद्रावक कोणत्या तापमानाला कोणता थर विरघळवेल, याचा अंदाज आधी संगणकीय गणिताने बांधला जातो. पॉलिप्रॉपिलीन शुद्ध करण्याचे प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत विकसित झालेले तंत्र वापरणारा प्युअरसायकल कंपनीचा कारखाना अमेरिकेत ओहायो राज्यातील आयर्नटन येथे २०२३ मध्ये सुरू झाला.

इटलीतील फेरारा येथील ‘व्हिनिलूप’ या कारखान्याचा इतिहास या पद्धतीची मर्यादा स्पष्ट करतो. २००२ पासून तेथे टाकाऊ पीव्हीसी विद्रावकाने शुद्ध केले जात होते. तंत्र चालत होते. परंतु जुन्या पीव्हीसीत मिसळलेली, मऊपणा आणणारी काही थॅलेट द्रव्ये शुद्धीकरणानंतरही राहत होती. युरोपीय संघाने अशा द्रव्यांवर निर्बंध आणल्यावर तयार मालाला बाजार उरला नाही आणि २०१८ मध्ये कारखाना बंद झाला.

रासायनिक विघटन

या पद्धतीत बहुवारिकाची साखळी उलट दिशेने उलगडून मूळ एकवारिके मिळवली जातात. ती शुद्ध करून पुन्हा जोडल्यास नव्याइतकेच दर्जेदार प्लास्टिक तयार होते. ज्या प्लास्टिकच्या साखळीत एस्टर किंवा अमाइड यांसारखे तुलनेने सहज तुटणारे बंध असतात, त्यांनाच ही रीत लागू पडते. पीईटी, नायलॉन व पॉलियुरेथेन या गटात मोडतात. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांत कार्बन-कार्बन बंधांची अखंड साखळी असल्याने ते या गटात येत नाहीत.

पीईटीवर मिथेनॉल, ग्लायकॉल किंवा पाणी यांची क्रिया करून विघटन साधता येते. या क्रियांना अनुक्रमे मिथेनॉलिसिस, ग्लायकोलिसिस व जलीय अपघटन म्हणतात. रंगीत बाटल्या, पॉलिएस्टरचे कापड, गालिचे यांसारख्या यांत्रिक पद्धतीला नकोशा मालासाठी त्या उपयोगी पडतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातील किंग्जपोर्ट येथे ईस्टमन कंपनीने २०२४ मध्ये मिथेनॉलिसिसवर चालणारा मोठा कारखाना सुरू केला. नायलॉन-६ चे विघटन करून कॅप्रोलॅक्टम हे एकवारिक परत मिळते. अक्वाफिल या इटालियन कंपनीच्या स्लोव्हेनियातील कारखान्यात २०११ पासून जुनी मासेमारीची जाळी व गालिचे यांपासून असे नायलॉन तयार केले जाते.

एन्झाइमांद्वारे विघटन

२०१६ मध्ये जपानी संशोधकांनी ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ या जीवाणूचा शोध जाहीर केला. ओसाकाजवळील साकाई शहरातील पीईटी बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरण केंद्राच्या परिसरातील नमुन्यांत तो सापडला. पीईटी हेच त्याचे अन्न होते. तो दोन एन्झाइमांच्या साहाय्याने पीईटीचे टेरेफ्थॅलिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल या मूळ घटकांत विघटन करतो. मात्र त्याचा वेग फारच मंद होता. पातळ पापुद्रा पचवण्यास त्याला आठवडे लागत.

औद्योगिक वापराच्या दिशेने महत्त्वाचे पाऊल २०२० मध्ये पडले. फ्रान्समधील कार्बिओस ही कंपनी व तुलूझ येथील संशोधक यांनी पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेल्या एका एन्झाइमात बदल करून, ७२ अंश सेल्सियस तापमानात १० तासांत सुमारे ९० टक्के पीईटीचे विघटन करून दाखवले. याच सुमाराच्या तापमानाला पीईटीच्या साखळ्या सैल होतात व एन्झाइमाला त्यांपर्यंत पोहोचता येते. म्हणून उष्णता सहन करणारे एन्झाइम महत्त्वाचे ठरले. २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी यंत्र-अध्ययनाच्या मदतीने ५० अंशांच्या आसपास काम करणारे एन्झाइम घडवले.

या पद्धतीलाही पूर्वतयारी लागते. बाटलीतील पीईटी स्फटिकी असते, त्यावर एन्झाइम चालत नाही. म्हणून ते आधी वितळवून झटपट थंड करावे लागते व त्याचा चुरा करावा लागतो. क्रियेत तयार होणारे आम्ल निष्प्रभ करण्यासाठी अल्कली वापरावी लागते व त्यातून क्षार उरतो. फ्रान्समधील लाँगलाव्हिल येथे वर्षाला ५० हजार टन क्षमतेचा कारखाना उभारण्याची कार्बिओसची योजना अर्थपुरवठ्याअभावी लांबली. प्लास्टिक खाणारा जीवाणू सोडून नदी-समुद्रातील कचरा नाहीसा करता येईल, ही लोकप्रिय कल्पना सध्याच्या संशोधनाशी जुळत नाही. ही क्रिया नियंत्रित टाक्यांत, निवडलेल्या पीईटीवरच चालते.

औष्णिक अपघटन

प्राणवायूविरहित भट्टीत साधारण ४०० ते ६०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यास प्लास्टिक जळत नाही. त्याच्या साखळ्या तुटून तेल, मेण, वायू व काजळीसारखा अवशेष मिळतो. याला पायरोलिसिस म्हणतात. पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन व पॉलिस्टायरीन यांना ही पद्धत मानवते. मळकट, मिश्र व पातळ वेष्टनेही चालतात, म्हणून बहुस्तरीय कचऱ्यासाठी तिचाच सर्वाधिक पुरस्कार होतो.

मिश्र म्हणजे काहीही, असा मात्र त्याचा अर्थ नाही. पीव्हीसीच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग क्लोरीनचा असतो. ते भट्टीत गेल्यास हायड्रोजन क्लोराइड तयार होऊन यंत्रे गंजतात. पीईटीमुळे आम्लयुक्त घन पदार्थ तयार होऊन नळ्या तुंबतात. प्लास्टिकमध्ये असलेला ॲल्युमिनियमचा अंश अवशेषात राहतो. मिळालेले तेल पुन्हा प्लास्टिक बनवण्यासाठी पेट्रोरसायन कारखान्यात द्यायचे असेल, तर ते फारच शुद्ध करावे लागते. ती शुद्धता परवडली नाही की ते तेल भट्ट्यांत किंवा इंजिनांत इंधन म्हणून जाळले जाते.

याच्या जवळची एक पद्धत अतिदाबाखालील अतितप्त पाण्याचा वापर करते. अशा पाण्यामुळे उष्णता सर्वत्र सारखी पोहोचते व काजळी कमी धरते. ऑस्ट्रेलियात विकसित झालेले हे तंत्र वापरून मुरा टेक्नॉलॉजी या कंपनीने इंग्लंडमधील टीसाइड येथे कारखाना उभारला.

वायूकरण

अत्यंत उच्च तापमानाला मर्यादित प्राणवायू व वाफ देऊन प्लास्टिकचे कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांच्या मिश्रणात रूपांतर करता येते. या वायूपासून अमोनिया, मिथेनॉल इत्यादी रसायने बनतात. जपानमधील कावासाकी येथे शोवा देन्को कंपनीच्या (आताचे नाव रेझोनॅक) कारखान्यात २००३ पासून टाकाऊ प्लास्टिकपासून मिळवलेला हायड्रोजन अमोनिया बनवण्यासाठी वापरला जातो. वायूकरणाला मिश्र कचरा चालतो. मात्र प्रकल्प मोठा व खर्चिक असतो, आणि तो चालू ठेवण्यासाठी कचऱ्याचा अखंड पुरवठा लागतो.

ऊष्मादृढ व संमिश्र पदार्थ

वितळणाऱ्या व न वितळणाऱ्या प्लास्टिकमधील दरी बुजवण्याचा प्रयत्न नव्या पदार्थांच्या रचनेतून होत आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लुडविक लाइब्लर यांच्या गटाने २०११ मध्ये ‘विट्रिमर’ या वर्गातील पदार्थ सादर केले. त्यांतील आडबंध तापवल्यावर जागा बदलतात. त्यामुळे ऊष्मादृढ असूनही त्यांना नवा आकार देता येतो. २०१९ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने आम्लात घातल्यावर मूळ एकवारिकांत सुटणारे, पूरक द्रव्यांपासूनही वेगळे करता येणारे नवे बहुवारिक जाहीर केले.

पवनचक्क्यांची पाती काचतंतू व इपॉक्सी रेझिनची असतात. आयुष्य संपल्यावर ती बहुधा पुरली जातात. सीमेन्स गमेसा या कंपनीने २०२१ मध्ये सौम्य आम्लात रेझिन सुटे होऊ शकेल अशी पाती जाहीर केली. त्यांसाठी भारतातील आदित्य बिर्ला समूहाचे ‘रिसायक्लामिन’ हे तंत्र वापरले गेले. जर्मनीजवळील कास्कासी या सागरी पवनऊर्जा प्रकल्पात २०२२ मध्ये अशी पाती बसवण्यात आली.

भारतातील स्थिती

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार पुनर्चक्रीकरण न होणारे बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचे होते. २०१८ च्या दुरुस्तीत या शब्दयोजनेत ‘ज्यापासून ऊर्जा मिळवता येत नाही, किंवा ज्याचा पर्यायी उपयोग नाही’ अशी भर पडली. सिमेंटच्या भट्टीत जाळणे हाही एक उपयोग असल्याने बंदीची व्याप्ती प्रत्यक्षात आकसली. गुटखा, तंबाखू व पानमसाला यांसाठी प्लास्टिकच्या पुड्या वापरण्यास २०१६ च्या नियमांनीच मनाई केली. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल-वापर प्लास्टिकवरील बंदीत खाद्यपदार्थांची बहुस्तरीय वेष्टने नव्हती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे आली. त्यांत बहुस्तरीय वेष्टनांचा स्वतंत्र तिसरा वर्ग करण्यात आला. या वर्गासाठी पुनर्चक्रीकरणाचे किमान प्रमाण २०२४-२५ मध्ये ३० टक्के व २०२७-२८ पासून ६० टक्के ठरवण्यात आले. रस्तेबांधणी, ऊर्जानिर्मिती, इंधन-तेल व सिमेंट भट्टी हे मार्ग ‘अंतिम विल्हेवाट’ मानले गेले असून पुनर्चक्रीकरण शक्य नसलेल्या प्लास्टिकपुरतेच ते खुले आहेत. पुनर्चक्रीकरण केल्याची प्रमाणपत्रे विकत घेऊन उत्पादकांना आपले लक्ष्य पूर्ण करता येते. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे ६ लाख प्रमाणपत्रे बनावट आढळली.

देशातील काही प्रमुख प्रयोग पुढीलप्रमाणे आहेत.

प्लास्टिकचे रस्ते : मदुराई येथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकच्या चुऱ्याचा लेप देऊन मग डांबर मिसळण्याची रीत शोधली. खडी व डांबर यांची पकड त्यामुळे वाढते. या कार्यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१३ मध्ये याबाबतची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रस्त्यात गेलेले प्लास्टिक मात्र पुन्हा मिळवता येत नाही.

प्लास्टिकपासून इंधन : देहरादून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये रोज १ टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल बनवू शकणाऱ्या प्रायोगिक संयंत्राचे उद्घाटन झाले.

तेलापासून पुन्हा प्लास्टिक : रिलायन्स इंडस्ट्रीजने जामनगर येथील शुद्धीकरण प्रकल्पात प्लास्टिक कचऱ्यापासूनचे पायरोलिसिस तेल वापरून बहुवारिके तयार करण्यास सुरुवात केली आहे.

सिमेंट भट्ट्या : सिमेंटच्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सियस तापमानाला क्लिंकर बनतो. कोळशाचा काही भाग वाचवून तेथे प्लास्टिक जाळले जाते व राख क्लिंकरमध्येच सामावते. आज भारतात बहुस्तरीय कचऱ्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे. त्यात ऊर्जा मिळते, पण पदार्थ नाहीसा होतो.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. कारखान्यातच मालाभोवती लावले जाणारे वेष्टन बंदीतून वगळले गेले.

पुणे शहर या क्षेत्रातील प्रयोगांचे केंद्र ठरले आहे. येथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. घरोघरचा कचरा गोळा करून तो हाताने निवडण्याचे काम तिचे सदस्य करतात. मेधा ताडपत्रीकर व शिरीष फडतरे यांच्या ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन’ या उपक्रमाने जेजुरी येथे प्लास्टिकपासून इंधन-तेल बनवण्याचा प्रकल्प चालवला. ‘रिचरखा’ या संस्थेत टाकाऊ पिशव्या व वेष्टने धुऊन त्यांच्या पट्ट्या कापतात, त्या चरख्यावर गुंडाळतात आणि हातमागावर विणून पिशव्या व आसने बनवतात. ‘आशाया’ या उपक्रमाने २०२३ मध्ये वेफर्सच्या पाकिटांतील प्लास्टिकपासून तयार केलेले गॉगल बाजारात आणले. हे प्रयोग आकाराने लहान आहेत. तथापि ज्या पाकिटाला भंगारात भाव नाही, त्याला मूल्य मिळाल्यास ते वेचले जाऊ शकते, ही गोष्ट त्यांतून दिसते.

गोव्यात साळगाव येथे २०१६ मध्ये सुरू झालेल्या कचरा प्रक्रिया केंद्रात ओल्या कचऱ्यापासून वायू व वीज मिळवली जाते. पुनर्चक्रीकरण न होणाऱ्या प्लास्टिकच्या गाठी बांधून त्या कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे पाठवल्या जातात.

मर्यादा व टीका

पहिला आक्षेप व्याख्येचा आहे. प्लास्टिकचे तेल करून ते जाळल्यास त्यातील कार्बन अखेर वातावरणातच जातो. म्हणून इंधननिर्मितीला पुनर्चक्रीकरण म्हणू नये, असे पर्यावरण संघटनांचे म्हणणे आहे. उद्योगांच्या मते कचराभूमीत किंवा उघड्यावर जाळण्यापेक्षा ऊर्जा मिळवणे केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप मोजणीचा आहे. पायरोलिसिस तेल खनिज नॅफ्थाबरोबर एकाच यंत्रणेत मिसळले जाते, त्यामुळे नेमक्या कोणत्या दाण्यात जुने प्लास्टिक गेले हे सांगता येत नाही. अशा वेळी ‘वस्तुमान-ताळेबंद’ पद्धतीने कागदोपत्री वाटा ठरवला जातो. त्यामुळे पुनर्चक्रित अंश नगण्य असलेली वस्तूही पूर्णपणे पुनर्चक्रित म्हणून विकली जाऊ शकते, असे टीकाकार म्हणतात. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने पुनर्चक्रीकरणाबाबत जनतेची दिशाभूल केल्याचा आरोप ठेवून एक्सॉनमोबिल कंपनीवर दावा दाखल केला. कंपनीने हे आरोप फेटाळले आहेत.

तिसरी मर्यादा अर्थकारणाची आहे. खनिज तेल स्वस्त झाले की नवे प्लास्टिकही स्वस्त होते व जुन्याला गिऱ्हाईक उरत नाही. वेष्टने हलकी व विखुरलेली असल्याने ती गोळा करून आणण्याचा खर्च प्रक्रियेच्या खर्चाएवढाच निर्णायक ठरतो. इंडोनेशियातील सिदोआर्जो येथे शांपू-साबणाच्या पुड्यांपासून विद्रावकाने पॉलिएथिलीन मिळवण्याचा युनिलिव्हर कंपनीचा २०१७ मध्ये जाहीर झालेला प्रकल्प प्रायोगिक टप्प्यापलीकडे गेला नाही.

चौथा प्रश्न आरोग्याचा आहे. प्लास्टिक धुताना व चुरताना सूक्ष्मप्लास्टिक पाण्यात जाते. तापमानावर व वायूंवर नियंत्रण नसलेल्या लहान भट्ट्यांतून विषारी वायू बाहेर पडू शकतात. याचा पहिला त्रास तेथे काम करणाऱ्या मजुरांना व आसपासच्या वस्त्यांना होतो. मोठे यांत्रिक प्रकल्प आल्यास कचरावेचकांच्या उपजीविकेचे काय, हा प्रश्नही यास जोडलेला आहे.

रचनेतील बदल व जागतिक करार

वेष्टन तयार करतानाच त्याच्या पुनर्चक्रीकरणाचा विचार करणे, हा संशोधक व धोरणकर्ते यांच्यात बळावत चाललेला विचार आहे. सर्व थर एकाच कुळातील प्लास्टिकचे ठेवणे, काळ्या रंगासाठी काजळी न वापरणे, धुताना निघणारी शाई व चिकटद्रव्य वापरणे, लहान पुड्यांऐवजी पुन्हा भरता येणारी भांडी देणे, हे त्यातील काही उपाय आहेत.

मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेने प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करण्याचा ठराव केला. २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियातील बुसान येथे व ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथे झालेल्या वाटाघाटी मात्र कराराविना संपल्या. प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालावी, असा अनेक देशांचा आग्रह होता. तेल उत्पादक देशांनी कचऱ्याच्या व्यवस्थापनावर व पुनर्चक्रीकरणावर भर देण्याची भूमिका घेतली. त्यामुळे अवघड प्लास्टिक कचऱ्यावरील तंत्रांची क्षमता किती, हा प्रश्न आता प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही. प्लास्टिकचे उत्पादन कमी करायचे की नाही, या निर्णयाशी तो जोडला गेला आहे.